उन्हात घेतलेला रंग

जुन्या जालन्यात माझं मॅचिंग सेंटर आहे. साडीला जुळणारा ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, असा सगळा कारभार. नुसता काठ बघून मी नेमका पीस काढून देतो, ही माझी घमेंड. बायको तिला डोक्यात गेलेली हवा म्हणते. त्यामुळे पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीने रविवारी दुपारी मैत्रिणींसोबत खेळायच्या गेमबद्दल सांगितलं, तेव्हा मीच हट्टाने त्यात घुसलो. लपाछपीच, पण मोबाईलवर. प्रत्येकाला एक पांढरा बाहुला मिळतो. भिंतीचा नाहीतर फरशीचा रंग उचलून त्याच्या अंगाला फासायचा आणि तिथंच चिकटून उभं राहायचं. ज्याच्यावर राज्य, तो ठरलेल्या वेळात सगळ्यांना शोधतो. रंग जुळवायचा? हा तर आपला धंदाच!

पहिले तीन रविवार सगळ्यांत आधी मीच सापडलो. "काका आउट!" म्हणून पोरी खिदळायच्या आणि माझा पारा चढायचा. पण खरं सांगतो, हरण्याचं एवढं काही नव्हतं. एरवी लेकीचा फोन म्हणजे जेवण झालं का, बीपीची गोळी घेतली का, संपलं. या खेळात तासभर तिचं हसणं ऐकायला मिळायचं. चौथ्या रविवारी ती चाचरत म्हणाली, "पप्पा, आणखी एक मैत्रीण यायचं म्हणून राह्यली. जागा पाचच हायेत. आज पण तुम्हीच पहिले आउट झाले, तर मंग तिला घ्यावं लागंल."

मी मोबाईल दोन्ही हातांत घट्ट धरला.

"मंग मला बराबर शिकव ना," मी म्हणालो.

कोपऱ्यात लपू नका, सगळे आधी तिथंच बघतात. एकदा चिकटलात की हलू नका. हे तिने आधीच सांगितलं होतं. या वेळी आधी सरावाचा डाव घेतला आणि खेळातल्या वाड्यात तिचा बाहुला माझ्या मागेमागे फिरू लागला.

"थांबा! अंगणात कामून चालले?"

"रंग घ्यायला."

"अन् लपणार कुठं?"

"आत. जिन्याखाली."

ती पोट धरून हसली. ट्यूबलाइटखाली मोरपंखी आणि रामा रंग सारखेच दिसतात, म्हणून पंचवीस वर्षं मी गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीवर नेऊन उन्हात कापड दाखवतोय. बाहुल्यालाही मी तसाच बाहेर नेत होतो. उन्हातल्या भिंतीचा रंग फासून अंधारात उभा राहायचो, म्हणजे लांबूनच चमकायचो.

"पप्पा, इथं खरा रंग न्हाई चालत. जिथं उभं राहायचं तिथला घ्या."

मग खऱ्या डावात मी जिना सोडून माडीवरच्या बोळात गेलो आणि तिथल्याच भिंतीचा रंग उचलला. खांद्याला फिका, कमरेला जरा गडद, पायाशी जवळजवळ काळा. राज्य लेकीवर होतं. एकेक करून तिघी मैत्रिणी सापडल्या. माझी जागा पक्की झाली! मी खुर्चीतच उसळलो, पण बाहुला हलू दिला नाही.

ती माझ्यासमोरून दोनदा गेली. "पप्पा, कुठं हाय तुम्ही?" आधी हसत विचारलं. मग जरा हळू आवाजात, "पप्पा?" म्हणाली. शाळेतून आल्यावर दारातून मारायची, तशी हाक.

"इथंच हाय ना, बेटा," मी बोलून गेलो.

माईक चालू होता, आणि या खेळात बाहुला जिथं असेल तिकडूनच आवाज येतो. आवाजाच्या रोखाने ती वळली आणि मी आउट. "काका, दहाच सेकंद राहिले होते!" पोरी ओरडल्या. राहिले असतील. हाक आली तरी ओ द्यायची नाही, हे लेकीने मला शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी ते मला जमलं नसतं.