वीस किलोमीटर, सरळ गुडघ्याने

चालण्याच्या शर्यतीत मी आज देशातल्या पहिल्या तीन-चार मुलींत आहे. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. इथवर येताना लोकांचं हसणं पुष्कळ ऐकलं आहे. चालण्याचीही शर्यत असते आणि ती वीस किलोमीटरची असते, हेच अनेकांना माहीत नसतं. नियम दोनच. एक तरी पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. आणि पुढचा पाय टेकला की शरीर त्याच्यावर येईपर्यंत गुडघा सरळ हवा. हे सांभाळून जितक्या जोरात जाता येईल तितकं जायचं. मग कंबर हलते, कोपरात वाकलेले हात मागेपुढे होतात आणि पाहणाऱ्याला हसू फुटतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही फुटलं होतं.

तेव्हा मी जाफराबादला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. गावाहून जीपने जायचे आणि मैदानावर पाच हजार मीटर पळायचे. शाळेत असताना आमच्या गावात माझ्यापुढे कोणी पळत नव्हतं, म्हणून मी स्वतःला मोठी धावपटू समजत होते. विद्यापीठाच्या स्पर्धेत माझा नंबर शेवटून दुसरा आला. शर्यत संपल्यावर बाकीच्या मुली गवतावर आडव्या झाल्या होत्या आणि मी पाण्याची बाटली घेऊन त्यांच्यात हिंडत होते. कॉलेजचे क्रीडाशिक्षक, आमचे सर, हे बघत होते. परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी येऊन बसले.

"दम लई हाय तुझ्यात," ते म्हणाले, "पण स्पीड न्हाई. ती आता येणार बी न्हाई. तू चालून पाह्य."

मला तो अपमान वाटला. काही दिवस मी मैदानाकडे फिरकलेच नाही. मग एका दुपारी, फक्त सरांना खोटं पाडायचं म्हणून गेले. त्यांनी आधी स्वतः चालून दाखवलं. पोट सुटलेला माणूस तसा चालताना पाहून मी हसले आणि त्यांनी हसू दिलं. मग मी उतरले. कबड्डी खेळणारी पोरं डाव सोडून बघत उभी राहिली. पहिली फेरी होईपर्यंत माझे कान तापले होते. दुसऱ्या फेरीत पोरं दिसेनाशी झाली. पाय आपोआप पडत होते, श्वास जागेवर होता, आणि मला स्वच्छ कळलं की हे काम मला येतं.

आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढ्या होत्या. त्यामुळे लोक आता म्हणतात, चालणं तुमच्या रक्तातच आहे. तसं काही नाही. मेंढ्यांमागे हिंडणारा माणूस गुडघा वाकवूनच चालतो. मला सगळं नव्यानेच शिकावं लागलं.

खरी अडचण घरी होती. वीस किलोमीटरचा सराव मैदानात गोल फिरून होत नाही, त्याला रस्ता लागतो, आणि रस्ता मोकळा असतो तो पहाटे. बाबांनी सरळ सांगितलं की खेळायला ना नाही, पण अंधारात एकटीने जायचं नाही. भाऊ जालन्याला स्टीलच्या कारखान्यात पाळीवर असायचा. आई म्हणाली, वहिनीला ने. वहिनी बारावी झालेली, लग्न होऊन तीन वर्षं झालेली, पदरात एक पोरगं. स्कूटी मात्र ती घरात सगळ्यांत चांगली चालवायची. पोरगं आईजवळ झोपलेलं ठेवून आम्ही दोघी निघायला लागलो. मी पुढे, वहिनी स्कूटीवर मागे. तिच्या दिव्याच्या उजेडात माझीच लांब सावली माझ्यापुढे चालायची.

पहिल्या दिवशी ती इतकी हसली की तिला स्कूटी बाजूला घ्यावी लागली. मी थांबले नाही. परतताना तिने विचारलं की सर नेमकं कशावरून ओरडतात. मी दोन्ही नियम सांगितले. दुसऱ्या दिवशी ती पुढे जाऊन ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसली, आणि उजाडल्यावर मी समोरून जाताना तिने मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर धरून व्हिडिओ काढला. घरी चूल पेटवायच्या आधी तिने तो पुन्हा पुन्हा थांबवत पाहिला.

वयाने मोठी असूनही वहिनी मला ताई म्हणायची आणि अहो-जाहो करायची. आमच्याकडे नणंदेला तसंच बोलतात. पण "ताई, तुमचा डावा गुडघा वाकून राह्यला" एवढं तिचं म्हणून होईपर्यंत मी बरीच पुढे गेलेली असायचे. मग 'ताई' गळालं, 'तुमचा' गळालं, आणि शेवटी रस्त्यावर नुसतं "गुडघा!" उरलं. घराच्या दारात शिरलो की आईसमोर पुन्हा तुम्ही-आम्ही सुरू.

गावात हसणारे होतेच. बसची वाट पाहणारी पोरं माझ्यामागे कंबर हलवत चालायची. मी दुर्लक्ष करत होते, पण वहिनीने केलं नाही. एके सकाळी तिने स्कूटी त्यांच्यासमोर उभी केली आणि शांतपणे सांगितलं की पुलापर्यंत ताईंबरोबर चालून दाखवा, पळायचं मात्र नाही, मग खुशाल नक्कल करा. तिघं-चौघं तयार झाले. पहिल्याच वळणावर दोघं पळायला लागले. वहिनीने त्यांना हात दाखवून बाद केलं. बाकीचे पोटऱ्या धरून खाली बसले. त्यानंतर नक्कल बंद झाली असं नाही, पण हसण्याचा सूर बदलला.

दुसऱ्या वर्षी मी देशभरातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेला पोचले. या शर्यतीत वाटेवर पंच उभे असतात. चूक दिसायला लागली की ते आधी पिवळी पाटी दाखवून सावध करतात. पाटीवर नागमोडी रेघ असेल तर पाय हवेत गेला, आणि मोडलेली रेघ असेल तर गुडघा वाकला. तरी सुधारलं नाही तर लाल कार्ड. तिघा पंचांची तीन लाल कार्डं झाली की बाहेर. मी दुसऱ्या नंबरवर होते. शेवटचे तीन किलोमीटर राहिले असताना मुख्य पंच रस्त्यात आले आणि त्यांनी माझ्यासमोर लाल पाटी धरली.

मी छातीवरचा नंबर काढून फुटपाथवर बसले आणि घरी फोन लावला. वहिनीने उचलला. मला वाटलं ती समजूत घालेल. तिने विचारलं, "कोन्तं चिन्ह होतं?"

"गुडघा. तिन्ही वेळा."

ती म्हणाली, "बराबर दिलं त्यान्नी. तू थकली की डावा वाकतो. मला व्हिडिओत दिसल्तं. स्पर्धा जवळ आल्ती, तुझं मन खचंल म्हणून बोलले न्हाई. आता कधीच लपवणार न्हाई."

मला तिचा राग आला नाही. उलट बरं वाटलं. माझ्यात काय चुकतं ते माहीत असलेलं एक माणूस घरातच होतं. परत आल्यावर सरांनी मांडीचे आणि कमरेचे व्यायाम वाढवले. वहिनीने मोरीवरची जागा सोडून रस्त्याच्या शेवटच्या टप्प्यावर, मी थकते तिथे, उभं राहायला सुरुवात केली. "गुडघा!" ऐकून मी कधी चिडायचे, कधी उलटून बोलायचे. ती मोजकंच बोलायची आणि पुन्हा पायांकडे बघायची. एका पावसाळ्यात आणि एका हिवाळ्यात तो गुडघा सरळ झाला.

पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत मी पहिली आले, एकही लाल कार्ड न घेता. आणि जगभरच्या विद्यापीठांच्या स्पर्धेसाठी देशाच्या संघात माझी निवड झाली.

ती स्पर्धा युरोपातल्या एका शहरात होती. नदीकाठच्या रस्त्यावर एक किलोमीटरची वाट आखली होती आणि तिच्यावरच वीस फेऱ्या मारायच्या होत्या. सुरुवातीच्या रेषेवर उभी असताना मी आजूबाजूच्या मुलींच्या चेहऱ्यांकडे नाही, पायांकडे पाहिलं. ही सवय मला वहिनीची लागली होती. कोण किती भक्कम आहे ते पायांवरून कळतं. मला तिथे परकं वाटलं नाही. त्या जे करत होत्या तेच मी करत होते.

अर्ध्या शर्यतीपर्यंत मी पुढच्या दहा जणींत होते. मग रस्त्याकडेच्या फलकावर माझ्या नंबरसमोर एक लाल खूण आली, आणि थोड्या वेळाने दुसरी; कशाबद्दल ते चालता चालता नीट दिसलं नाही. एवढ्या मोठ्या स्पर्धेत तिसऱ्या खुणेला बाहेर काढत नाहीत, पण बाजूच्या चौकटीत जाऊन दोन मिनिटं उभं राहावं लागतं आणि तेवढ्यात सगळं हातचं जातं. त्याच वेळी पुढच्या घोळक्याने वेग वाढवला. त्यांच्याबरोबर जायचं की आपली चाल सांभाळायची, हे मला दोन-चार श्वासांत ठरवायचं होतं. मी त्यांना जाऊ दिलं. खांदे सैल सोडले, पाऊल थोडं आखूड केलं आणि डावा पाय टेकताना गुडघा मागे दाबत राहिले. घाबरून नाही. माझ्यात अजून दम होता, आणि शर्यत कुठे फुटते ते मला माहीत होतं.

सोळाव्या फेरीत पुढच्यांपैकी एक मुलगी चौकटीत उभी दिसली. मग आणखी एक. तिसऱ्या मुलीला चौथं कार्ड झालं म्हणून पाटी दाखवून बाहेर काढलं. मी एकेकीला मागे टाकत गेले आणि शेवटच्या फेरीत जेवढं होतं तेवढं सगळं लावलं. सहावी आले. पदक नाही, पण जगभरच्या विद्यापीठांत सहावी.

मी घरी फोन लावला, तो वहिनीनेच उचलला. भावाच्या मोबाइलवर सगळ्या घराने शर्यत पाहिली होती. मागून आईचं रडणं ऐकू येत होतं, बाबा कोणाला तरी सहावा म्हणजे किती मोठा नंबर ते समजावून सांगत होते. वहिनीने सगळ्यांना गप्प केलं.

"दोन्ही कार्डं गुडघ्याची न्हाईत," ती म्हणाली. "नागमोडी होती, मी फलकावर पाह्यलं. पाय हवेत गेल्ते. त्याच्यावर काम करू."

तिचं बरोबर होतं. आल्यावर आम्ही त्याच्यावरच काम केलं. त्यानंतर मी देशाकडून आणखी दोन स्पर्धा चालले. आता वर्षातले बरेच महिने शिबिरात असते.

वहिनीचंही पुढे काही झालं. पंचांच्या परीक्षेची बातमी सरांनी आणली. जालन्याला शिबिर होतं, नंतर लेखी पेपर. ती नको म्हणत होती. पोरगं शाळेत जायला लागलं होतं, कापूस वेचणीला आला होता. बाबा म्हणाले की कापूस आम्ही वेचू, तू जा. ती गेली आणि पास झाली.

गेल्या हिवाळ्यात मी सुट्टीवर असताना अंबडला शाळा-कॉलेजच्या मुलींची चालण्याची शर्यत होती. मी प्रेक्षकांत बसले होते. वहिनी पांढरी टोपी घालून, हातात पिवळी पाटी घेऊन वळणावर उभी होती. आयोजकांनी माईकवर माझं नाव घेतलं, लोकांनी वळून पाहिलं, टाळ्या वाजल्या. वहिनीने वर बघितलं नाही. मुलींचा घोळका वळणावर येत होता, आणि ती त्यांच्या पायांकडे बघत किंचित खाली वाकली होती.