बसलेली वा वाकलेली व्यक्ती

दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या एका शाळेत सातवीला मराठी शिकवत होते. राहायला शिक्रापूरला, कंपनीतल्या कामगारांच्या खोल्यांच्या रांगेत एक खोली घेतली होती. तिथून फाट्यापर्यंत एसटी, पुढं चालत. वाटेच्या दोन्ही अंगांना ऊस. माझं माहेर केडगावचं, त्यामुळं ऊस नवा नव्हता. पण आमच्याकडच्या उसात तेव्हा कोल्ह्यापलीकडं काही नसायचं. इथं त्यातल्या एका हिवाळ्यात बिबट्या आला.

आधी वस्तीवरच्या शेळ्या गेल्या. मग शाळेच्या ओट्यावर झोपणारी कुत्री गेली. सकाळी आम्ही आलो तेव्हा तिची पिल्लं तेवढी कुंई कुंई करत होती. त्या दिवसापासून फाट्यावर उतरलं की मी भराभर चालायची. वाऱ्यानं उसाचं वाळलं पाचट वाजलं तरी मी थबकायची.

वनखात्याचं पत्रक शाळेत आलं. मुख्याध्यापक म्हणाले, "सातवीत वाचून घ्या आणि भिंतीला चिकटवून टाका."

मी वर्गातल्या सगळ्यात चांगलं वाचणाऱ्या मुलीला उभं केलं. धनगर वस्तीवरची, काटक, खणखणीत आवाजाची पोर. तिनं कुठंही न अडखळता अख्खं पत्रक वाचलं. 'ऊसक्षेत्रालगत वास्तव्य करणाऱ्या नागरिकांनी' पासून 'सहकार्य करावे' पर्यंत. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"छान. आता सांग, काय वाचलंस?"

"बिबट्याचं."

"मग आपण काय करायचं?"

तिनं कागदाच्या तळाशी बघितलं आणि म्हणाली, "सहकार्य."

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मला मात्र कसंसंच झालं. ही पोरं रोज त्याच उसातून घरी जात होती.

मी पत्रक भिंतीला लावलं नाही. म्हटलं, एक वाक्य वाचायचं आणि थांबायचं. डोळे मिटायचे. काय दिसतंय ते आपल्या बोलीत सांगायचं. जे दिसत नाही ते विचारायचं. धडा असा कधी शिकवला नव्हता. मलाही कुणी शिकवला नव्हता. आमच्या वेळी बाई वाचायच्या, आम्ही मागून म्हणायचो आणि उत्तरं फळ्यावरून उतरवायचो.

'बसलेली वा वाकलेली व्यक्ती बिबट्यास लहान प्राण्याप्रमाणे भासते.'

या वाक्यापाशी सगळे अडले. 'भासते' म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एकाला वर्गाच्या मधोमध उकिडवं बसवलं, दुसऱ्याला दारातून रांगत यायला सांगितलं.

"आता तू बिबट्या. तुला तो काय वाटतो?"

"शेळी," रांगणारा म्हणाला. "न्हाईतर कुत्रं."

"आणि तो उभा राहिला तर?"

"मग माणूस."

"हेच ते भासणं."

वर्ग खुलला. पोरं एकमेकांना बसवून, उठवून बघायला लागली. तेवढ्यात ती खणखणीत आवाजाची पोर उभी राहिली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"बाई, कांदं खुरपताना माझी आई दिवसभर वाकलेलीच असती. आमचं रान उसाला लागूनच हाय."

पोरांची उठबस थांबली. कुणाची आई खुरपत होती, कुणाची गवत कापत होती. मघाशी टाळ्या वाजवणाऱ्या पोरांच्या तोंडावरचा रंग उडाला. वाक्य त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरताना त्या पोरीचे आजोबा आले. डोक्याला लाल पागोटं, हातात काठी. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे.

"बाई, पोरांना भेव घालायला ठेवलंय व्हय तुम्हाला? पोरगी आईचा पदर सोडंना. रानात जाऊ देईना."

"आप्पा, मी मनाचं काही सांगितलं नाही. सरकारी कागदावर होतं तेच सांगितलं."

"आवो, कागद वाचायचा आन् मोकळं व्हायचं. इतकं इस्कटून कशाला सांगायचं?"

त्यांचंही खोटं नव्हतं. रान सोडून पोरीची आई जाणार कुठं?

त्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर मी पाच-सहा पोरांबरोबर फाट्याकडं निघाले होते. ऊन उतरलं होतं. पोरं बडबडत पुढं चालली होती आणि अचानक पुढचा पोरगा थांबला. वाटेवर, दोन बैलगाड्या मावतील एवढ्या अंतरावर, तो उभा होता. मला वाटायचं बिबट्या मोठा असतो. हा लहान होता, मळकट पिवळा, आणि आमच्याकडंच बघत होता.

मी कधी खाली बसले ते मला कळलंच नाही. जमिनीला हात टेकला होता.

"बाई, बसू नका!" त्या खणखणीत आवाजाच्या पोरीनं माझा दंड धरून मला वर ओढलं. "उठा. पळायचं बी न्हाई. मोठ्यानं बोला."

सगळी एकमेकांना चिकटून उभी राहिली. मोठ्यानं बोला, पण काय बोलणार? मग एकानं सतराचा पाढा सुरू केला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. बाकीच्यांनी उचलला. मीही म्हणत होते, आणि मला माझाच आवाज रडल्यासारखा ऐकू येत होता. त्यानं कान हलवले, एकदा मागं पाहिलं आणि उसात शिरला. पाचट वाजलंसुद्धा नाही. पाढा मात्र आम्ही फाटा येईपर्यंत थांबवला नाही, चुकला तरी.

गोष्ट वस्तीवर पोचली. पुन्हा आप्पा आले, या वेळी काठी दाराशी टेकवून.

"आमच्या बायांना बी सांगा तसंच. इस्कटून."

रविवारी देवळापुढं बाया जमल्या. मी एकेक वाक्य वाचत गेले, थांबत गेले. बायांनी पोरांपेक्षा लवकर पकडलं. खुरपायला एकटीनं जायचं नाही, चौघींनी जायचं, एकीनं आळीपाळीनं उभं राहून बघायचं, रेडिओ मोठा लावायचा, हे त्यांनीच ठरवलं. मला बरं वाटायला लागलं होतं.

मग त्या पोरीची आई बोलली.

"बाई, ह्यात लिवलंय, अंधारात रानात जाऊ नका. पर पाण्याच्या मोटारीला लाईट रातचीच येती. पाणी तवाच धरावं लागतं. एका वाफ्यातनं दुसऱ्यात पाणी वळवायला वाकावंच लागतं. मग त्याचं काय लिवलंय?"

मी पत्रक वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं. मागची बाजूही पाहिली. ती कोरी होती.

"त्याचं काही लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"व्हय का," ती म्हणाली आणि शेजारणीला उठायला हात दिला.

खात्यानं पुढं पिंजरा लावला. त्यात काही सापडलं नाही. ऊस तुटून गेला, रान उघडं झालं आणि बिबट्या दिसेनासा झाला. वस्तीवरचं माणूस कुणी गेलं नाही, हे नशीब. सातवीचं वाचन त्या वर्षी फार संथ झालं. तपासणीला आलेल्या साहेबांनी तसा शेराही दिला, कारण पोरं दर वाक्याला थांबून काहीतरी विचारायची. मी त्यांना थांबू दिलं. पण वर्गात एखादा हात वर झाला की मला त्या पत्रकाची कोरी बाजू आठवायची. आता हे पोरगं काय विचारील, आणि ते पुस्तकात नसलं तर?