शैला सिस्टरची भिंत

शैला सिस्टर इंग्रजी शब्द वहीत लिहीत नसे. ती ते पडवीच्या भिंतीवर लिहायची. भिंत जांभ्या दगडाची, गिलावा न केलेली. एका चिऱ्यावर एक शब्द आणि त्याखाली मराठी अर्थ, सगळं खडूनं. समोरच्या घरात मी राहतो. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे सकाळी चहाचा कप घेऊन ती भिंत वाचायची आणि मनातल्या मनात गुण द्यायचे, हा माझा उद्योगच होऊन बसला होता.

एक दिवस मला चूक सापडली. 'वेदर'खाली तिनं 'तगून निघणे' असं लिहिलं होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? चपला सरकवून मी थेट तिच्या पडवीत गेलो.

"शैला, वेदर म्हणजे हवामान. पाचवीच्या पोरालाही येतं हे."

"हवामान आहेच ओ सर. पण क्रियापद केलं की वादळातून तगून निघणं. बघा हां," असं म्हणून तिनं जाडजूड शब्दकोश माझ्या मांडीवर ठेवला. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. तिचंच बरोबर होतं. मग तिनं मला चहा दिला आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्या दिवसापासून मी स्वतःला तिचा शिक्षक म्हणवून घेऊ लागलो. शिकत होतो अर्थात मीच.

शैला त्रेचाळीस वर्षांची होती. वीस वर्षं गावातल्याच एका खासगी दवाखान्यात नर्स. परदेशातल्या मोठ्या रुग्णालयात काम करायचं हे तिचं तरुणपणापासूनचं वेड, पण आई अंथरुणाला खिळली आणि तिनं अर्ज ट्रंकेत ठेवून दिला. आई गेल्यावर तो बाहेर काढला. आयर्लंडमधल्या एका रुग्णालयानं तिला घेतलंही, फक्त इंग्रजीची परीक्षा पास व्हायची अट होती. त्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली. तिसरी संधी गणपतीनंतर पंधरा दिवसांनी होती. तीही हुकली तर तिची जागा दुसरीला जाणार होती.

"कठीण शब्दांनी नाही पाडलं मला," ती म्हणायची. "त्यांना बघितलं की मी सावधच असते. दगा देतो तो ओळखीचा शब्द!"

म्हणून भिंतीवर सगळे ओळखीचे शब्द होते. 'नॉव्हेल'खाली कादंबरी नव्हे, 'अगदी नवा'. 'ग्रेव्ह'खाली थडगं नव्हे, 'गंभीर'. 'फास्ट'खाली 'घट्ट'. 'स्टीप'खाली चढ नव्हे, 'अवाच्या सवा'. शब्द तीन वेगवेगळ्या माणसांशी बोलताना वापरल्याशिवाय ती त्या चिऱ्यावर बरोबरची खूण करत नसे. तिसरं माणूस बहुधा मिरकरवाडा बंदरावरची मासेवाली असायची.

"आज तुझा भाव फारच स्टीप आहे गो."

"स्टीप बीप काय नाय हां ताय, आत्ताच उतरलाय बोटीतून!"

शैलानं हलवा मासा घेतला आणि घरी येऊन खूण केली. भावाची घासाघीस राहूनच गेली होती.

तिचा धाकटा भाऊ दिलीप मुंबईत कारखान्यात होता. माझाच विद्यार्थी, आठवीत इंग्रजीत नापास. मीच केलेला. दर वर्षीप्रमाणे तो गणपतीच्या आठवडाभर आधी आला आणि शैला ड्युटीवर असताना त्यानं घर रंगवायला घेतलं. संध्याकाळी ती परतली तेव्हा पडवी लख्ख पांढरी झाली होती.

तिच्या हातातली पिशवी खाली पडली. आवाज ऐकून मी धावलो.

"गणपती येणार, म्हटलं भिंत जरा बरी दिसूदे," दिलीप चुन्याच्या हातांनी उभा होता. "आणि सगळ्यांवर बरोबरच्या खुणा होत्या गो. मला वाटलं, झालं तुझं पाठ."

"अरे गाढवा, तिची परीक्षा आहे!" मी ओरडलो. "शैला, वही कुठाय?"

"वही नाहीच, सर. वहीत लिहिलं की शब्द वहीतच राहतात."

ती पायरीवर बसली. रडू फुटेल अशी मला भीती वाटली, तिला नव्हे, मलाच. मग ती एकदम हसायलाच लागली. "बघा सर, ओळखीचाच दगा देतो!" ती उठली, भिंतीपाशी गेली. चुन्याखाली चिऱ्यांच्या सांधी अजून दिसत होत्या. तिनं वरच्या थरातल्या पहिल्या चिऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "लिहून घ्या."

मी लिहीत गेलो. चिऱ्यामागून चिरा, थरामागून थर, शब्द आणि अर्थ. आरतीच्या सरावाला आलेली शेजारची मंडळी अंगणात थांबून ऐकत राहिली. ती कुठंच अडली नाही. अडली ती फक्त पाचव्या थरात, खिडकीजवळ. बोट तिथंच राहिलं. तिनं डोळे मिटले, उघडले. मला काही मदत करता येईना, रोज वाचूनही कुठला शब्द कुठं होता ते मला थोडंच आठवत होतं?

"वेदर," मागून दिलीप म्हणाला. "तगून निघणे. वाचून वाचूनच रंगवत होतो मी. म्हटलं, सर तर हवामान शिकवायचे."

अंगणात हशा पिकला. शैलानं त्याच्या चुनकट डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या चिऱ्याकडे वळली. शेवटच्या चिऱ्यापर्यंत मग ती थांबली नाही.

परीक्षेत ती पास झाली, तेही घसघशीत गुणांनी. निकाल कळला तेव्हा दिलीपनं मुंबईहून मला फोन केला आणि अर्धा वेळ नुसता "ताय! ताय!" करत राहिला. मला अभिमान वाटला, आणि तो लपवावासाही वाटला नाही.

ती निघाली त्या दिवशी दिलीप मुद्दाम गावी आला होता; आम्ही दोघं तिला रत्नागिरी स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी हलली तशी तिनं खिडकीतून उरलेल्या खडूंची पेटी माझ्या हातात दिली. ती दिसेनाशी होईपर्यंत दिलीप हात हलवत होता.

मग डोळे पुसून तो म्हणाला, "सर, एक शब्द मी पण सांगितला होता. आठवीचा निकाल बदलता येईल काय ओ?"

पेटीतला एक खडू काढून मी फलाटावरच वाकलो आणि त्याच्या पायापुढे बरोबरची एक मोठी खूण केली.