कायतानच्या मांडीचं हाड

कार्मीनमावशी म्हणजे माझ्या आईची बहीण. मासळीचा भाव करताना समोरच्या बाईच्या नाकी नऊ आणणारी. पण एका गोष्टीला ती जन्मभर घाबरली, ती म्हणजे आमच्या दफनभूमीतला हाडांचा खड्डा. तिथून जाताना ती तोंड फिरवून, भिंतीला धरून चालायची.

आमच्याकडे जागा थोडी, आणि माणसं काही मरायची थांबत नाहीत. म्हणून जुनी कबर पाळीनं उघडतात. घरचं कोणी हजर असलं तर हाडं धुऊन भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची. कोणी नाही आलं तर ती खड्ड्यात जातात, सगळ्यांची एकत्र.

यंदा तिच्या नवऱ्याची, कायतानमावशाची पाळी आली. मी तिला स्कूटरवरून घेऊन निघाले.

"गो रिशेल, तो थंय नसलो तर?"

"नसाक काय, जत्रेक गेलो?" मी हसले.

ती हसली नाही. मग तिनं सांगितलं. मागे एकदा मृतांच्या दिवसाआधी पोरांनी सगळे क्रूस उपटून चुना लावला आणि परत रोवले. तेव्हा मावशाचा क्रूस शेजारच्या रुजायच्या कबरीवर आणि रुजायचा मावशाच्या कबरीवर गेल्यासारखा तिला वाटला. "बाईक घोवाची कबर गावना नाय म्हणान लोक हसतले," म्हणून ती गप्प बसली. आणि गेल्या वर्षी रुजायची म्हणून ती दुसरी कबर उघडली होती. रुजाय एकटा जीव, त्याच्यासाठी कोण येणार? हाडं खड्ड्यात गेली. माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

खूण एकच. तरुणपणी मावसा आंब्यावरून पडला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण वाकडं, मध्ये आवळ्याएवढी गाठ ठेवून. तो पाय आखूड राहिला. मावशी रोज तेल चोळायची, ती गाठ तिच्या बोटांना पाठ होती.

कबर खणणारा लवू खाली उतरला. कवटी, मणके, बरगड्या एकेक वर येऊ लागल्या. सांधे सुटले की माणूस किती सुटं होतं! खरं सांगते, मला पळून जावंसं वाटत होतं.

मांडीचं हाड आलं. खुब्याच्या वाटीत बसणाऱ्या गोल डोक्यापासून गुडघ्यापर्यंत मावशीनं बोटं फिरवली. सरळ.

"उजव्या पायाचा आसतला," मी म्हटलं.

लवूनं दुसरं दिलं. तेही सरळ.

मावशीनं दोन्ही हाडं शेजारी शेजारी ठेवली. मग तिनं पाणी मागितलं आणि सगळी हाडं धुवायला घेतली.

"मावशे, हो मावसो नाय गो!" मी कुजबुजले.

"ठावक आसा. पण रुजायाक तरी कोण आसा?"

हाडं कोनाड्यात ठेवून झाल्यावर ती खड्ड्याकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आत वाकून पाहिलं. माझा हात तिनं इतका घट्ट धरला होता की नखं रुतली.

"रिशेल, मी मेलय की माजी हाडां भिंतीत ठेव नको. हंयच टाक."

"तुका भिया वाटता मां?"

"वाटता तर! पण कायतान हंय आसा."