समुद्रातला गवळाऊ बैल

रस्त्यात लिंबू-मिरची पडलेली दिसली की मुद्दाम तिच्यावर पाय देऊन जाणारी बाई आहे मी. अंगात आलेल्या बायकांनाही ‘आधी दोन घास खाऊन घे’ म्हणते. तेव्हा हे वाचून मला कोणी देवभोळी म्हणू नये... आणि म्हातारी चळली असंही म्हणू नये. जे झालं ते भर दिवसा झालं, साडेअकराच्या लख्ख उन्हात.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची गोष्ट. आम्ही शहराबाहेर हुडकेश्वरला राहायचो, तेव्हा तिकडे नुसती वावरं होती. आमचे हे शहरात सदरला ऑफिसात होते. त्यांचे एक साहेब रिटायर होऊन रत्नागिरीकडे आपल्या गावी गेले आणि ‘या एकदा समुद्र पाहायला’ म्हणून पत्रावर पत्र पाठवू लागले. शेवटी डिसेंबरात निघालो — हे, मी आणि माझी नणंद बेबी. बेबीचं लग्न माघात ठरलं होतं. निघताना सासूबाईंनी मला एकटीला बाजूला घेतलं. “पोरगी तुह्या हवाली करून राहिली मी. जशी नेली तशी आणजो.”

साहेबांचं घर माडांच्या बागेत. तीन दिवस नुसती चैन! होडीतून डॉल्फिन पाहिले, दीपस्तंभ चढलो, वाळूत अनवाणी हिंडलो. चौथ्या दिवशी साहेब ह्यांना घेऊन बंदरावर मासळीचा लिलाव पाहायला गेले. आम्हा दोघींना समोरच्या बेटावर जायचं होतं. बेट कसलं, काळा खडक आणि वर पडका बुरूज. सकाळी समुद्र मागे सरकतो, मग वाळूवरून चालत जाता येतं. साहेबांच्या बायकोने, काकूंनी बजावलं, “दहाच्या आत परत फिरा हो. मग पाणी भरतं.”

हो हो म्हटलं. पण खरं सांगू? मनात हसले. आमच्या नदीला पाणी कधी येतं? वर कुठे पाऊस पडला तर. नदी ओलांडायची म्हणजे आम्ही आधी आभाळ पाहणार. आणि इथलं आभाळ तर घासलेल्या ताटासारखं! बेबीने विचारलंही, “वहिनी, निघू का आता?”

“ढगाचा पत्ता नाही, पाणी येईन कुठून? वेच तू शिंपल्या.”

चूक माझी. पूर्ण माझी.

उतरलो तेव्हा पाणी घोट्याएवढं. म्हटलं, चाल पटकन. अर्ध्यात आलो तर कमरेला! मागे वळून पाहते तर मागेही तेवढंच. पोहता दोघींनाही येत नव्हतं. बेबी रडायला लागली, “वहिनी, बुडतो वं आपण!”

“चूप! तुह्या मायले तोंड दाखवाचं आहे मले.”

आणि डावीकडून बैल आला. हो, बैल. पांढराफेक, उंच, लांब तोंडाचा — आमच्या वर्ध्याकडचा गवळाऊ. शेतकऱ्याची लेक आहे मी, बैलाची जात मला कोणी शिकवू नये. कोकणातले बैल ठेंगणे, हा इथे कसा... हे विचारायला वेळ कुठे होता? आमच्याकडे नाल्याला पूर असला की बैलाची शेपटी धरून पार होतात. पाय कुठे टाकायचा ते त्याला कळतं. मी एका हाताने शेपटी धरली, दुसऱ्याने बेबीचं मनगट, आणि ओरडले, “चाल रे राजा!” तो सकाळची वाळूची वाट सोडून उजवीकडे चालला. पाणी छातीशी आलं, पण त्याच्या वर गेलं नाही. ओली, खरबरीत शेपटी, अजून हाताला आठवते. मग पायाखालची वाळू चढती लागली. मूठ सोडून बेबीला वर ओढलं, वळून पाहिलं... किनारा रिकामा. वाळूत खुराचा ठसा नाही की काही नाही.

खडकावर कालवं काढणाऱ्या दोन बायका धावत आल्या. “कशावरून चालत आलात गो? तिथे दोन माणसं एकावर एक उभी केली तरी बुडतील!”

“बैल कुठं गेला?”

“कुठला बैल?” त्यांना दिसल्या त्या फक्त दोन बाया, पुढचीची मूठ समोर धरलेली.

संध्याकाळी हे म्हणाले, “वाळूचा उंचवटा असेल, घाबरलीस म्हणून भास झाला.” मी म्हटलं, ठीक आहे. दुसऱ्या दिवशी पाणी तेवढंच भरल्यावर हट्टाने होडी काढायला लावली, आणि आम्ही आलो त्याच रेषेवर ह्यांच्या हातात लांब बांबू दिला. “टेकवा तळाला.” बांबू गेला, हात खांद्यापर्यंत गेला, तळ लागला नाही. परतीच्या गाडीत हे म्हणाले, “घरी सांगू नको, लोक हसतील.”

हसू दे! पुढे आमच्या गावात दुसरंच सुरू झालं, की तो आमचा मेलेला बैल ढवळ्याच. तेही मी मानलं नाही. ढवळ्याच्या कपाळावर काळा ठिपका होता, हा साफ पांढरा.

घरी पोचल्या पोचल्या, पायरीवरच सासूबाईंना सारं सांगितलं. माझ्या अक्कलशून्यपणाने पोरगी जात होती, बैलाने आणली. त्या बराच वेळ बेबीच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या. मला वाटलं, आता शिव्या. पण त्यांनी एवढंच विचारलं,

“त्या बैलाले काही खाऊ घातलं का वं?”

नव्हतं घातलं. ते मला अजून टोचतं. बाकी तो कुठला, कसा आला, कुठे गेला — मला माहीत नाही. आणि माहीत असल्याचं सोंग मी करणार नाही, तुम्हीही माझ्यासमोर करू नका.