नसलेला बुरूज

वडील इतिहासाचे शिक्षक. आई गेल्यावर मी त्यांना इकडे परदेशात, माझ्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटवर आणलं. गुडघ्यांमुळे गड चढणं सुटलं होतं, म्हणून लायब्ररीतून किल्ल्यांची पुस्तकं आणून वाचत बसायचे. त्यात त्यांना इंग्लंडमधलं एक लहानसं बाजाराचं गाव सापडलं. तिथे मध्ययुगातल्या संरक्षणाच्या खुणा अजून दिसतात, एवढीच ओळ होती. मी जहाजावर इंजिनिअर, आणि माझं जहाज दुरुस्तीला त्या गावाजवळच्याच बंदरात लागणार होतं.

"अरे, एक दिवस काढ. माझ्या वतीनं तटावरून चालून ये."

दिवस मिळाला. मी तो केबिनमध्ये झोपून घालवला. परत आल्यावर त्यांनी वही उघडली, तेव्हा सुचेल ते सांगत गेलो. काळ्या दगडाचा तट, कमानीचा दरवाजा, त्याला दिंडी, शेजारी गोल बुरूज. लहानपणी त्यांचंच बोट धरून पाहिलेलं सगळं मी तिकडे नेऊन ठेवलं.

"म्हणजे दिंडी दरवाजा त्यांच्याकडेही! बघ!" ते भराभर लिहीत होते.

त्याचा त्यांनी लेख केला आणि एका रविवारी घरी जमलेल्या मराठी मंडळींना वाचून दाखवला. इथल्याच, तांजोंग पगारच्या एका ऑफिसातला माझा मित्र इंग्लंडच्या त्या भागात शिकलेला. तो म्हणाला, "काका, दगडी तट मी तरी कधी पाहिला नाही हं तिथे. हा राजगडाला तर नाही ना जाऊन आला?" सगळे हसले.

"माझा मुलगा स्वतः पाहून आलाय," वडील म्हणाले आणि माझ्याकडे वळले.

मी म्हटलं, "हो. हात लावून आलोय."

मित्रानं त्यांची माफी मागितली.

पुढच्या वर्षी जहाज पुन्हा तिथेच लागलं. या वेळी मी गेलो. बाजारामागची परसं एका ओळीत अचानक संपत होती आणि जमीन पुरुषभर खाली उतरत होती. एक रस्ता उगाच वळत होता. चर्चमागे गवताचा लांबट उंचवटा. बस्स. भाजीला पाणी घालणाऱ्या एका म्हाताऱ्याला तटाचं विचारलं.

"दगड? इथे दगड कधीच नव्हता. मातीचा बांध आणि खंदक." त्या खंदकात त्यानं कोबी लावला होता.

त्या रस्त्याच्या वळणावरून वडिलांनी सगळं ओळखलं असतं. खूश झाले असते. घरी जाऊन खरं सांगायचं, असं ठरवूनच मी परतलो.

दारातच त्यांनी विचारलं, "बुरूज कसा आहे रे?"

"पाडला, बाबा. रस्ता रुंद करायला."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या गावच्या नगरपालिकेला इंग्रजीत निषेधाचं पत्र लिहून माझ्याकडे दिलं. मी ते पोस्टात टाकलंच नाही. वडील मात्र रोज लिफ्टनं खाली जाऊन पत्रपेटी बघून यायचे.

"आजोबा, नो लेटर लाह," माझी मुलगी इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणायची.

"उशिरा का होईना, इंग्रज उत्तर देतो."

उत्तर मीच लिहावं, असंही एकदा मनात आलं. जहाजावरच्या टाइपरायटरवर दोन ओळी उतरवल्या. इतक्या सहज उतरल्या, की घाबरून कागद ओढून काढला. खरं सांगायला त्याहून कमी वेळ लागला असता.

शेवटच्या आठवड्यात त्यांना उठवत नव्हतं. तेव्हा ते माझ्या बायकोला पेटी बघायला पाठवायचे, आणि ती रोज खाली जायची. तिला हे आज, इथे वाचूनच कळेल.