रडू न येणारी माणसं

"पुढं ये गं. सगळ्यांना दिसू दे."

अध्यक्षबाई माइकवरून बोलल्या. मी मागं चहाचे कप लावत होते. खुर्च्यांवरच्या साऱ्या बायका वळून माझ्याकडं बघायला लागल्या. पदराला हात पुसले आणि गेले पुढं.

पेणच्या एका वाचनालयात मी पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसते. त्या दिवशी तिथं महिला वाचकांचा मेळावा होता. चर्चा एका कादंबरीवर. हातोहात खपलेली, कातकऱ्यांवरची कादंबरी. लिहिणारी शहरातली. आणि मी कातकरी, कासूच्या पलीकडच्या वाडीवरची. म्हणून मी पुढं हवी होते.

"ही आमची कातकरी मुलगी," बाई म्हणाल्या. "बघा, किती स्वच्छ राहते."

टाळ्या पडल्या. कशाबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही.

खरं सांगते, त्या पुस्तकाची वाट माझ्याइतकी कुणी पाहिली नसेल. नव्या पुस्तकांचा गठ्ठा सोडला त्या दिवशी पहिली प्रत मी माझ्याच नावावर टाकली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टी वाचत आले. त्यांच्या बाल्कन्या, त्यांचे घटस्फोट, त्यांची परदेशातली मुलं. आता कुठंतरी माझी आई भेटेल, असं वाटलं होतं. वेड्यासारखी खूश होते मी.

भेटली ती अशी. वीटभट्टीवरची एक बाई. तिचं तान्हं पोर मरतं. ती त्याला गोणपाटात गुंडाळून बाजूला ठेवते आणि परत विटा थापायला बसते. मरण इतकं पाहिलेल्या या माणसांना रडूच येत नाही, असं लेखिकेनं खाली लिहिलं होतं. पुस्तकानं माझ्या तोंडाला पानं पुसली.

माझा भाऊ भट्टीवरच गेला. रोह्याला, अष्टमी गावाच्या पुढं भट्टी होती. मी नऊ वर्षांची, तो दीड. तापानं गेला. आई तिथं रडली नाही, हे खरं आहे. मालक बघत होता, मुकादम बघत होता, ट्रॅक्टरवाला बिडी ओढत बघत होता. मी हुंदका दिला तर तिनं माझ्या तोंडावर हात दाबला.

"परक्याच्या दारात रडायचा नाय गो," ती म्हणाली. "आपल्या दारात जाऊन रड."

स्वतःचं लुगडं फाडून त्यात त्याला घेतला. टेम्पोत वाडीपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. पहिल्या झोपडीपाशी उतरली आणि खालीच बसली. मग जी रडली, ते ऐकून वाडीतल्या बाया कामं टाकून धावत आल्या आणि तिला धरून रडल्या. तीन दिवस आमची चूल पेटली नाही. शेजारच्यांनी भाकऱ्या आणून दिल्या. आजही त्या वयाचं पोर दिसलं की आई तोंड फिरवते.

प्रस्तावनेत लिहिलं होतं, लेखिका चार दिवस भट्टीवर राहिली. वाडीवर आल्याचं काही लिहिलेलं नाही.

मेळाव्यात बाईंनी नेमकं तेच पान वाचून दाखवलं. बायका रुमालानं डोळे टिपत होत्या. मग बाईंनी माइक माझ्या हातात दिला. "असंच असतं ना गं तुमच्यात? सांग यांना."

 माझे डोळे कोरडे होते. पुढच्या रांगेतल्या बायका माझ्या डोळ्यांकडं बघत होत्या, आणि मला कळलं की त्या मला पुस्तकाशी ताडून बघतायत. एक 'हो' म्हणायचं होतं. आजवर म्हणतच आले होते. उंदीर खाता का हो, विचारलं की हसून हो. तुझा कप वेगळा ठेव, म्हटलं की मान खाली घालून हो.

"आम्ही रडतो," मी म्हणाले. "तुमच्यासमोर नाय रडत."

माइक बाईंच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, मुलगी भावुक झाली, चला, चहा घेऊ. चहा सगळ्यांनी घेतला. माझ्याकडं कुणी पाहिलं नाही. कप विसळून मी निघाले.

घरी आई भाजी निवडत होती. तिला काय सांगणार? तू पुस्तकात आहेस आणि तिथं तुला रडू येत नाही? ती वाचत नाही, आणि मी तिला वाचून दाखवणार नाही. तिच्या शेजारी बसून मीही भाजी निवडू लागले. मेळाव्यातलं एकटेपण समजण्यासारखं होतं. आईजवळ बसूनही मी एकटीच होते, ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या सचिवांनी बोलावलं. बाईंची माफी माग, नाहीतर मार्चनंतर तुला ठेवता येणार नाही, म्हणाले. मी माफी मागितली नाही.

पुस्तकाला अजून मागणी आहे. मी ते लपवत नाही, फाडत नाही. शिक्का मारते आणि नेणाऱ्याला सांगते, यातली भट्टीवरची बाई खोटी आहे, तिच्या घरी कुणी गेलेलंच नाही. काहीजण हसतात. एकीनं तक्रारही केली.

मार्चला काढतील. काढू देत. तोवर जो हे पुस्तक नेईल, त्याला आधी माझं ऐकावं लागेल.